दांडा उचलला, पण पुंगळी सुटली का? प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन आणि माझे चार महिने

टेंभी नाक्यावर घर असेल तर नवरात्रात घरून काम होतं हे विसरा. खाली रांग, वर लाउडस्पीकर, रस्ता बंद, आणि दर अर्ध्या तासाने कोणीतरी "दर्शन घेऊन सहज आलो" म्हणत दारात उभं. गेल्या नवरात्रात लॅबमधली माझी छोटी रिग खोलून तिचा दांड्याचा भाग मी घरी आणला होता. आकडे जुळत नव्हते, म्हटलं निवांत साफ करून बघू. त्यातच आमच्या इमारतीतले काका आले. पोलिस दलात शस्त्रं दुरुस्त करण्याच्या कामावर त्यांची नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. टेबलावरचा तुकडा बघून म्हणाले, "काय गं, हा बोल्ट कुठून आणलास?"

तो बोल्ट नव्हता. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी चहा होईपर्यंत काकांनी मला जे विचारलं, त्यामुळे माझे चार महिन्यांचे आकडे रद्द झाले. ते का रद्द झाले हे समजायला आधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीतली एक छोटी गोष्ट समजून घ्यावी लागेल. तिला प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, प्रयोगाचं काम करणार असाल, तर रायफलीत तुम्हाला काडीचा रस नसला तरी हे वाचा.

आधी माझं काम दोन ओळींत. वीजकेंद्रातल्या कंडेन्सरमध्ये हजारो नळ्या जाड पोलादी पाट्यांच्या भोकांत बसवलेल्या असतात. नळी भोकात घालायची, आतून तेलाचा प्रचंड दाब द्यायचा, नळी फुगून भोकाला चिकटते, मग दाब काढायचा. दाब काढल्यावर ती किती घट्ट राहते, हा माझा प्रश्न. आम्हाला नळी अडकायला हवी असते. रायफलीत अगदी हेच घडतं, फक्त तिथे ती सुटायला हवी असते. गणित एकच.

पुंगळी अडकते म्हणजे काय होतं

काडतुसाचा पितळी भाग, म्हणजे पुंगळी, चेंबरमध्ये थोडी सैल बसते. गोळी सुटताना आत सुमारे ३५० मेगापास्कल दाब होतो. पितळाची पातळ भिंत फुगते, चेंबरच्या पोलादाला जाऊन भिडते, आणि पोलादही तिच्यासोबत थोडं फुगतं. हे भिडणं आवश्यकच आहे, नाहीतर जळता वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येईल. मग गोळी नळीबाहेर जाते, दाब शून्यावर येतो, आणि दोघं आपापल्या जागी परतायला लागतात. कोण जास्त परततं, यावर सगळं ठरतं.

घरातलं उदाहरण घ्या. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की आई काय करते? बाहेरचा गरम पाण्यात धरते, आतल्यात थंड पाणी ओतते. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो, मध्ये केसाएवढी फट पडते आणि पेला सुटतो. पुंगळी आणि चेंबर यांचं नातं तेच आहे. आतलं पितळ बाहेरच्या पोलादापेक्षा जास्त आकसलं तर फट, कमी आकसलं तर पकड.

आता ढोबळ आकडे टाकू. चेंबरचा आतला व्यास १२ मिमी, बाहेरचा ३० मिमी धरा. जाड भिंतीच्या नळीचं लामेचं सूत्र तुम्ही तिसऱ्या वर्षाला शिकला असाल, ते लावा. ३५० मेगापास्कलला चेंबर साधारण ०.२९ टक्के फुगतं, म्हणजे व्यासात ३५ मायक्रॉन. पोलाद लवचिक मर्यादेतच असल्यामुळे दाब गेल्यावर तेवढंच परत येतं. पितळ मात्र मर्यादा ओलांडून फुगलेलं असतं. ते परत किती येणार हे त्याच्या ताकदीला लवचिकता गुणांकाने भागून मिळतं. कडक पितळ, ताकद ४०० मेगापास्कल, गुणांक ११० गिगापास्कल: ०.३६ टक्के, म्हणजे सुमारे ४४ मायक्रॉन. चौरेचाळीस वजा पस्तीस, नऊ मायक्रॉनची फट. पुंगळी सुटली.

तेच पितळ मऊ निघालं, ताकद २३० मेगापास्कल, तर ते फक्त २५ मायक्रॉन परततं. आता दहा मायक्रॉनची पकड. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचा काही भाग एवढाच हा फरक आहे. त्यावर रायफल चालते की अडते हे ठरतं.

या हिशोबात मी बऱ्याच गोष्टी सोडल्यात (भिंतीची जाडी मागे जास्त आणि पुढे कमी असते, कडकपणा बदलतो, लांबीच्या दिशेनेही ताण येतो). पण कागदाच्या पाठीवर केलेला असा हिशोब संशोधनात फार उपयोगी पडतो. कोणत्या आकड्याने निकाल फिरतो ते त्यातून लगेच दिसतं. इथे दोन आकडे निकाल फिरवतात: पितळाचा कडकपणा आणि दाब. दाब वाढला तर चेंबर जास्त फुगतं, परतही जास्त येतं, आणि पितळाचं परतणं मात्र तेवढंच राहतं. म्हणून जास्त दाबाचं काडतूस आधी दांडा जड करतं. भर उन्हात तापलेलं काडतूसही दाब वाढवतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हे विसरून चालत नाही.

पितळाच्या कडकपणावरून एक फाटा फोडते, कारण गोष्ट आपल्याकडची आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडायच्या. कोणी हात लावला नाही, दाब दिला नाही, तरी भेगा. पावसाळ्यात पडतात म्हणून नावच पडलं सीझन क्रॅकिंग. सगळे हवेला, ओलाव्याला दोष देत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडा केला: पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या पागेजवळ ठेवल्यामुळे मूत्रातून येणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की भेग. उपाय म्हणजे पुंगळी योग्य जागी तापवून ताण काढणं. पण सगळीच पुंगळी तापवून मऊ केली तर ती चेंबरला चिकटेल, हे आपण वर बघितलंच. म्हणून आजही पुंगळीचं तोंड मऊ आणि बूड कडक ठेवतात. पितळाची एक पुंगळी घडवणं हे काही साधं काम नाही. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी हे करते, आणि ती १८६९ पासूनची आहे.

पहिला ओढ

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत माणूस दांडा वर उचलतो, मग मागे ओढतो. बघणाऱ्याला वाटतं उचलणं म्हणजे कुलूप उघडणं आणि ओढणं म्हणजे पुंगळी काढणं. तसं नाही. उचलण्याच्या शेवटच्या वीस-पंचवीस अंशांत दांड्याच्या मुळाशी असलेला तिरका उतार रिसीव्हरवरच्या तशाच उतारावर घासत जातो, आणि बोल्ट फिरता फिरता दोन-अडीच मिमी मागे सरकतो. जुन्या काचेच्या बरणीचं बूच आपण सरळ ओढत नाही, आधी पिळतो. तेच. या पहिल्या पिळण्यातल्या ओढीला प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. माउझर ९८ मध्ये आणि त्याच्या वळणाच्या बहुतेक रायफलींत हे काम दांड्याच्या मुळाशी होतं. इतर रायफलींत उतार दुसरीकडे असतो, तत्त्व तेच.

यात मिळतं काय ते मोजू. दांड्याचं टोक बोल्टच्या मध्यापासून ६५ मिमी लांब, शेवटचे २५ अंश. म्हणजे हात २८ मिमी फिरतो. तेवढ्यात बोल्ट अडीच मिमी मागे येतो. गुणोत्तर अकराच्या आसपास. घर्षणात त्यातला काही भाग जातो, तेल लावलेलं असेल तर हाती साधारण आठ उरतं, कोरडं असेल तर सहा. म्हणजे हाताने १०० न्यूटन जोर लावला (साधारण दहा किलो उचलण्याइतका) तर पुंगळीवर ८०० न्यूटन ओढ.

एवढी लागते का? लागते. दहा मायक्रॉनची पकड, भिंत ०.६ मिमी, पुंगळीचा मागचा फक्त १५ मिमी भाग चिकटलेला, घर्षण गुणांक ०.१५ असं धरून हिशोब केला तर उत्तर ८०० न्यूटनच्या जवळ येतं. उतार नसता तर तोच माणूस सरळ मागे ओढून १०० न्यूटनच देऊ शकला असता. पुंगळी जागची हलली नसती. आणि जास्तच हिसका दिला तर एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड ओरबाडून रिकामी परत येते.

आता माझा आवडता भाग. पुंगळी सरळ नळकांडी नसते, पुढे निमुळती होत जाते. म्हणून थोडी मागे सरकली की चहूबाजूंनी मोकळी होते. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी बरीच निमुळती: दर एक मिमी मागे आली की व्यासात सुमारे ३५ मायक्रॉन मोकळीक. हे काडतूस १८८८ चं आहे, तेव्हा त्यात काळी दारू भरत. त्यामानाने ७.६२ गुणिले ५१ हे नंतरचं काडतूस जवळपास सरळ आहे: दर मिमीला फक्त १२ मायक्रॉन. म्हणजे दहा मायक्रॉनची तीच पकड सोडवायला थ्री-नॉट-थ्रीला ०.३ मिमी मागे यावं लागतं, आणि ७.६२ ला ०.८ मिमी. जवळजवळ तिप्पट. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने १९६० च्या दशकात थ्री-नॉट-थ्रीच्याच ली-एन्फील्ड वळणावर ७.६२ ची रायफल काढली, ती २ए आणि २ए१ नावाने ओळखली जाते. बाहेरून बघाल तर भावंडं. आतल्या पुंगळीची भूमिती मात्र वेगळी.

त्यामुळे उतारावर दोन मिमी मिळतात की अर्धा मिमी, याने थ्री-नॉट-थ्रीला फारसं बिघडत नाही. सरळ काडतुसाला बिघडतं. एकच दोष एका ठिकाणी लपतो आणि दुसऱ्या ठिकाणी उघडा पडतो.

बिघाड नेमका कुठे

काकांचं म्हणणं, त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक रायफलीबरोबर एकच चिठ्ठी असायची: "बोल्ट अडतो." कधी अडतो, कुठे अडतो, काही नाही. मग ते काय करायचे?

पहिलं, रायफल रिकामी आहे याची खात्री. मग रिकामाच दांडा उचलून बघायचा. रिकाम्यालाही जड जात असेल तर पुंगळीचा संबंधच नाही. माउझरच्या वळणाच्या रायफलीत दांडा उचलताना फायरिंग पिनची स्प्रिंगही दाबली जाते, तो जडपणा तिथला. ली-एन्फील्डमध्ये स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, उचलताना नाही. म्हणून तिचा दांडा उचलायला हलका असतो, आणि जड झाला तर शंका सरळ पुंगळीवर किंवा लगांवर जाते. (मला हे ऐकून टाळी वाजवावीशी वाटली. दोन भार वेगळे करायला आपण लॅबमध्ये कंट्रोल प्रयोग लावतो. इथे दोन देशांच्या कारखान्यांनी तो आपल्यासाठी लावून ठेवला आहे.)

रिकाम्याला हलका, पण गोळी झाडल्यावर उचलायलाच जड: दाब जास्त, किंवा लगांचे पृष्ठभाग ओरबाडलेले, किंवा चेंबर खडबडीत. आणि तिसरा प्रकार असा की दांडा आरामात वर येतो, आणि मग मागे ओढताना बोल्ट भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. लोक तळहाताने दांड्याला फटके मारतात. हा तिसरा प्रकार बघितला की काका काडतुसाकडे बघायचेच नाहीत. ते दांडा उचलताना बोल्ट किती मागे येतो ते मोजायचे. पहिला ओढ मिळतच नसेल तर पकड दहा मायक्रॉनची असो की तीनची, हाताला ती भिंतच लागणार.

दांडा जर थोडा मागे बसलेला असेल, तर बोल्ट बंद असताना त्याच्या मुळाच्या आणि रिसीव्हरच्या उतारांमध्ये मोठी फट असते. उचलताना आधी ही फट भरून निघते, मग उतार भिडतात. अडीच मिमीच्या उतारात ०.२ मिमीची फट असेल तर २.३ मिमी ओढ मिळते. फट दोन मिमी असेल तर अर्धा मिमी, आणि तीही उताराच्या अगदी टोकावर, जिथे दोन कडा एकमेकींवर घासून लवकर झिजतात. फट उतारापेक्षा मोठी झाली तर ओढ शून्य. डोळ्यांना मात्र सगळं ठीक दिसतं. दांडा वर जातो, बोल्ट फिरतो, तेल चकाकतं.

माउझर ९८ चा दांडा बोल्टच्याच धातूतून घडवलेला असतो, त्यामुळे त्याची जागा कारखान्यातच ठरते. अमेरिकेतल्या रेमिंग्टन ७०० चा दांडा वेगळा बनवून बोल्टला ब्रेझिंगने जोडतात, आणि जोडताना तो थोडा मागे राहिला की हा दोष जन्माला येतो. तिथले गनस्मिथ दांडा तापवून सोडवतात, फिक्स्चरमध्ये धरून पुढे सरकवतात आणि पुन्हा जोडतात, बहुतेक टिग वेल्डिंगने. याला बोल्ट टायमिंग म्हणतात. ऐकायला सोपं. पण दांडा गरजेपेक्षा पुढे गेला की बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आत दांड्याचं मूळ रिसीव्हरला टेकतं, आणि लग आपल्या जागी पूर्ण बसत नाहीत. हा आधीपेक्षा वाईट दोष आहे, कारण आता दाबाचा सगळा भार अर्धवट बसलेल्या लगांवर. शिवाय वेल्डिंगची उष्णता पुढच्या लगांपर्यंत पोचली तर त्यांचं कडकपण जातं. म्हणून फट शून्य करायची नसते, छोटी ठेवायची असते. दुसरा प्रकार उतार झिजल्याचा: तिथे धातू भरून पुन्हा घासून आकार द्यावा लागतो.

आणि हे कोणी घरी करायचं नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मी रायफलीला हात लावलेला नाही, लावणारही नाही. मला त्यातली भूमिती हवी होती.

टेबलावरचा तुकडा

आता माझी रिग. पोलादी ठोकळ्यात भोक, त्यात पितळी नळी, तेलाने फुगवायची, दाब काढायचा, मग नळी ओढून काढायची. सरळ ओढायला मोठं यंत्र लागतं आणि त्याच्यावर नंबर लागत नाही. म्हणून मी दांडा आणि तिरका उतार अशी रचना केली, दांडा ६५ मिमी, उतार अडीच मिमी. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमधून भाग लेथवर करून घेतले. दांड्याच्या टोकाला लोडसेल. हातावरचा जोर मोजायचा, आठाने गुणायचं, नळीची पकड मिळाली. फार हुशारी केली असं मला वाटलं होतं.

आकडे भलतेच यायचे. एकाच लांबीच्या, एकाच कंपनीच्या नळ्या, दाब तोच, आणि एक सहज सुटते तर दुसरीला तिप्पट जोर. मी पृष्ठभागाला दोष दिला. नळ्यांना पॉलिश केलं, भोकाला होनिंग केलं, अ‍ॅसिटोनने पुसलं, खडबडीतपणा मोजणाऱ्या यंत्रासमोर रात्री बसले. चार महिने. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा पकडीवर परिणाम असं एक प्रकरण लिहायलाही घेतलं. आलेख काढला, त्यात एक रेषाही बसली. विखुरलेल्या ठिपक्यांतून रेषा नेहमी बसते.

काकांनी तुकडा हातात घेतला, दांडा वर-खाली केला आणि विचारलं, "दांडा उचलल्यावर सळई किती मागे येते?"

मी म्हटलं, "अडीच मिमी, काका. ड्रॉइंगमध्ये आहे."

"ड्रॉइंग नको. आत्ता किती येते ते सांग."

मी मोजलं नव्हतं. व्हर्नियर बॅगेत होता. मोजलं: १.१ मिमी.

उताराची पट्टी दोन स्क्रूंनी बसवली होती, आणि स्क्रूंची भोकं लांबट होती. लांबट मीच सांगितली होती, जुळवायला सोपं जावं म्हणून. दर नळीनंतर ठोकळा साफ करायला मी पट्टी काढायचे आणि पुन्हा लावायचे. हाताला बरी वाटेल तिथे. म्हणजे दर वेळी फट वेगळी. कधी उतार लगेच भिडायचा, कधी शेवटी, कधी जवळजवळ नाहीच. कुठल्या नळीला गुणोत्तर आठ होतं, कुठलीला एकच्या जवळ, आणि मी सगळ्यांना आठाने गुणत होते. पृष्ठभागाबद्दल माझे आकडे काहीच सांगत नव्हते. ते सांगत होते की त्या दिवशी मी स्क्रू कुठे आवळला.

हे मला तेव्हा चांगलंच लागलं. चार महिन्यांची फेलोशिप, जवळपास चाळीस पानं, आणि सरांसमोर दोनदा आत्मविश्वासाने केलेली मांडणी. पण हा रोग जुना आहे. कॅनडाच्या सैन्याची रॉस रायफल घ्या. तिचा बोल्ट दांडा न उचलता सरळ मागे ओढायचा, जलद गोळीबारासाठी. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत त्या रायफली अडायला लागल्या. विषारी वायू, समोर जर्मन, आणि सैनिक बोल्टला बुटाने लाथा मारत होते. आधी काडतुसांवर आळ आला, कारण ब्रिटनमध्ये बनलेली काडतुसं मापाला सैल होती. ते खरंही होतं. पण रॉसचं चेंबरही घट्ट होतं, म्हणून चेंबर मोठी केली गेली. मग कळलं की बोल्ट मागे जाऊन थांबताना बोल्ट-स्टॉपवर आपटतो आणि लगांची मागची कड चेपली जाते, म्हणून स्टॉप मोठा केला. प्रत्येक कारण खरं होतं, आणि एकट्याने पुरेसं नव्हतं. १९१६ मध्ये ती रायफल मागे घेऊन ली-एन्फील्ड दिली गेली. गंमत म्हणजे स्नायपर मात्र रॉसच मागत राहिले, कारण शांतपणे, निवडक काडतुसांनी एक-एक गोळी झाडणाऱ्याला ती कधी अडलीच नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, रायफलीत काहीच दोष नाही.

तुमच्या लॅबमध्येही असा एक स्नायपर असतो. "माझ्याकडे तर बरोबर येतं" म्हणणारा सीनियर. तो खोटं बोलत नाही. त्याने पट्टी कधी काढलेलीच नसते, एवढंच.

मग मी काय केलं ते सांगते, कारण "चूक सापडली" इथे गोष्ट थांबली तर तुमच्या हाती काही लागत नाही. लांबट भोकं बंद करून गोल भोकं आणि दोन डॉवेल पिना बसवून घेतल्या, म्हणजे पट्टी एकाच जागी बसेल. बंद स्थितीतली फट फीलर गेजने मोजून ०.२ मिमी ठेवली, आणि प्रत्येक नळीच्या नोंदीत फटीचा एक रकाना टाकला. सळईच्या मागे डायल गेज लावला, म्हणजे दांडा किती अंशाला असताना सळई हलायला लागते ते दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लोडसेल दांड्याच्या टोकावरून काढून सळई आणि नळी यांच्या मध्ये बसवला. आता आठाने गुणायची गरजच नाही. जे मोजायचं आहे तेच मोजतेय. हे पहिल्या दिवशी का केलं नाही? कारण तिथे जागा कमी होती आणि छोटा लोडसेल महाग होता. दांड्यावर लावणं सोयीचं होतं.

जुन्या नळ्यांपैकी ज्या सुटायच्या राहिल्या होत्या त्या नव्या रचनेवर काढल्या. फरक आहेच, पण तिप्पट नाही. पॉलिश केलेल्या आणि न केलेल्या नळ्या आता जवळजवळ सारख्या येतात. कडकपणा मोजून बघितला तर जिथे फरक उरलाय तिथे तो पितळाच्या कडकपणाबरोबर चालतो, म्हणजे वरच्या २५ आणि ४४ मायक्रॉनच्या हिशोबाने जसा चालायला हवा तसा. हा हिशोब मी पहिल्या आठवड्यातच करू शकले असते. खडबडीतपणाचं प्रकरण एका फोल्डरमध्ये आहे, फोल्डरचं नाव "वापरू नये".

काकांना नवी रचना दाखवायला परवा पुन्हा बोलावलं. त्यांनी दांडा दोनदा उचलला, डायल गेजचा काटा बघितला, आणि म्हणाले, "फट ०.२ ठेवलीस ते बरं. पण उताराला तेल कुठाय?"

कोरड्याला सहा, तेलाला आठ. सळईवरच्या लोडसेलला त्याने फरक पडत नाही, पण उतार झिजतो. उद्या ग्रीस आणते.